नळी बसली, आता आकडे कोणते लावू?

प्रश्न एका ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरचा आहे, थोडक्यात असा. दीड वर्षाचं बाळ, वजन ९ किलो, तीन दिवस ताप आणि धाप, एक्स-रेत दोन्हीकडे न्यूमोनिया. रात्री दोनच्या सुमाराला बाळ दमलं, ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन ऐंशीच्या वर जाईना, म्हणून भूलतज्ज्ञांना बोलावून श्वासनळीत नळी टाकून घेतली (इंट्युबेट केलं). कफवाली, म्हणजे टोकाशी हवेचा फुगा असलेली, ४ नंबरची, ओठाशी १२ वर. भूलतज्ज्ञ दुसरीकडच्या सिझरला निघून गेले. समोर कोविडच्या काळात आलेला व्हेंटिलेटर, मोठ्यांना आणि मुलांना दोघांनाही चालणारा. 'मोड कोणता ठेवू, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किती, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) किती? वयाप्रमाणे एक तक्ता द्या, भिंतीवर चिकटवतो.'

डॉक्टर, तक्ता मीही पहिली दोन वर्षं खिशात घेऊन फिरत होतो. वाईट नव्हता. पण त्याला फक्त बाळाचं वय कळायचं, नळी का टाकावी लागली हे कळायचं नाही. याच वयाचं, याच वजनाचं दुसरं बाळ फिट्स थांबेनात म्हणून इंट्युबेट झालं असतं, तर त्याची फुप्फुसं चांगली असती आणि आकडे वेगळे असते. दम्याचं असतं तर आणखी वेगळे, काही बाबतींत उलटेच. म्हणून मी तुमच्या या बाळाचे आकडे सांगतो, ते का तेही सांगतो. दुसरी बाळं शेवटाकडे थोडक्यात घेऊ.

आकड्यांच्या आधी पाच मिनिटं. ही पाच मिनिटं बाळ हाताने दाबायच्या पिशवीवर, म्हणजे अ‍ॅम्बूवर राहू दे, त्याने काही बिघडत नाही. उलट पिशवी दाबताना हाताला जे कळतं ते पुढे उपयोगी पडतं. पिशवी मऊ जातेय की दगडासारखी लागतेय? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबत होते. आयसीयू नावाची गोष्ट तिथून सुरू झाली. यंत्र नंतर आलं. तर लाज न बाळगता पिशवी दाबा, दोन्ही बाजूंना काखेत स्टेथो लावून ऐका, पोटावर ऐका, आणि ईटीसीओटूची (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायची) सोय असेल तर लहर येते का ते बघा. ४ नंबरच्या नळीला तिप्पट म्हणजे १२, ही खोली बरोबर आहे. पण टेप लावताना नळी सेंटिमीटरभर आत सरकली की ती एकट्या उजव्या फुप्फुसात जाऊ शकते. मान खाली वाकली तरी नळीचं टोक खाली जातं, मान मागे केली की वर येतं. म्हणून एक्स-रे काढताना मान सरळ ठेवायला सांगा, नाहीतर एक्स-रे पाहून नळी हलवाल आणि ती भलतीकडेच जाईल.

आता सर्किट, म्हणजे यंत्रापासून बाळापर्यंतच्या नळ्या. हे मी जरा लांबवणार आहे, कारण लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक घोळ इथे होतो आणि पुस्तकात याला जेमतेम दोन ओळी असतात.

तुमच्या यंत्राला बहुधा मोठ्यांचं जाड सर्किट लावलेलं असेल, २२ मिलिमीटरचं. हवा दाबली की ती फुप्फुसात जाते तशी नळ्या फुगवण्यातही जाते. जाड सर्किटमध्ये दर एक सेंटिमीटर (पाण्याच्या) दाबाला साधारण २ मिली हवा नळ्यांतच अडकते. तुमचा वरचा दाब २२ आणि पीप ६ असेल तर फरक १६, म्हणजे ३२ मिली. मोठ्या माणसाच्या ४०० मिलीतून ३२ गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. तुम्ही या बाळाला ६० मिली लावले, ३२ सर्किटने खाल्ले, बाळाला मिळाले २८. पडद्यावर मात्र ६० दिसतात. छाती हलत नाही आणि आपण पडद्याकडे बघत बसतो. आताची बरीच यंत्रं हा हिशेब स्वतः करतात, पण त्यासाठी सर्किट बदलल्यावर सेल्फ टेस्ट करावी लागते. 'पेशंट थांबलाय, टेस्ट कुठे करत बसू' म्हणून ती गाळली जाते. गाळू नका, दोन-तीन मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ सिस्टर अ‍ॅम्बू मारतील. मुलांचं १५ मिलिमीटरचं सर्किट असेल तर तेच लावा.

दुसरी गोष्ट, वाय-पीस (सर्किटच्या दोन नळ्या जुळतात तो सांधा) आणि नळी यांच्यामध्ये काय काय जोडलंय? एचएमई (श्वासातली ऊब आणि ओल राखणारा) फिल्टर, कॅथेटर माउंट (जोडणारी लवचिक नळी), बंद सक्शनचा सांधा, ईटीसीओटूचा अडॅप्टर. या प्रत्येकात पोकळी असते. बाळाने सोडलेली हवा त्या पोकळीत राहते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत जाते. मोठ्यांच्या फिल्टरमध्ये ही पोकळी ३० ते ६० मिलीपर्यंत असू शकते, पाकिटावर लिहिलेलीच असते. तुमच्या बाळाचा अख्खा श्वास ५५ मिलीचा आहे.

मी रेसिडेंट असताना एका सात किलोच्या बाळाचा कार्बन डायऑक्साइड ९० आला. रेट (मिनिटाचे श्वास) २५ होता, ३० केला. पुढच्या गॅसमध्ये, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, ९५. मग ३५, मग ४०. पहाटे चारपर्यंत हे चालू. नाइटच्या सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या, नळीकडे बघून म्हणाल्या, 'सर, हा माउंट मोठ्यांचा आहे ना?' वीतभर लांबीची ती घडीची नळी काढली, मुलांचा फिल्टर लावला, रेट परत २८ वर आणला आणि पुढचा गॅस ५२. तेव्हापासून कार्बन डायऑक्साइड चढलेला दिसला की मी आधी यंत्राकडे जात नाही, उशीपाशी जातो. सोय असेल तर लहान मुलांना एचएमईपेक्षा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर बरा. पोकळीही वाढत नाही आणि बारीक नळीत कफ सुकून बुच बसत नाही.

तिसरं, यंत्र सुरू करताना 'अ‍ॅडल्ट' की 'पीडियाट्रिक' विचारतं. घाईत अ‍ॅडल्ट राहून गेलं तर नेहमीचे आकडे आपण बदलतोच, पण अ‍ॅप्नियाच्या बॅकअपचे (बाळाचा श्वास थांबला तर यंत्र स्वतः देतं त्या श्वासांचे) आकडे आतल्या पानावर असतात आणि तिथे चारशे-पाचशे मिली तसेच बसलेले असू शकतात. पीडियाट्रिक निवडा, वजन टाका, आणि बॅकअपचं पान उघडून डोळ्यांनी बघा.

आता तुमच्या बाळाचे आकडे.

मोड कोणता हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. प्रेशर कंट्रोलने (दाब आपण ठरवायचा) किंवा व्हॉल्यूम कंट्रोलने (हवा आपण ठरवायची) मुलं जास्त वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. ज्याची सवय आहे तो लावा. मी तुमच्या जागी असतो तर प्रेशर कंट्रोल लावला असता, कारण नळीभोवती थोडी हवा गळत असली तरी तो सांभाळून घेतो आणि दाब माझ्या हातात राहतो. त्याची अट एवढीच की दाब आपण ठरवतो, त्यामुळे हवा किती गेली यावर डोळा ठेवावाच लागतो. कफ साचला, नळी अर्धी तुंबली, की दाब तोच राहतो आणि हवा गुपचूप कमी होते. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये उलटं, हवा तीच राहते आणि दाब चढतो.

टायडल व्हॉल्यूम किलोला ६ मिली, म्हणजे ५४. साठपर्यंत चालेल. यासाठी वजन उंचीप्रमाणे असायला हवं ते धरायचं, कारण बाळ लठ्ठ झालं तरी फुप्फुसं लठ्ठ होत नाहीत. तुमचं बाळ किंचित सडपातळ आहे, ९ किलोच धरा. सहाच का? २००० साली अमेरिकेत मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात किलोला १२ मिलीऐवजी ६ दिल्यावर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. मुलांवर तसा अभ्यास झालेला नाही, आकडा आपण उसना घेतलाय. पण कारण पटण्यासारखं आहे. न्यूमोनियात फुप्फुसाचा काही भाग भरलेला असतो, हवा जाते ती उरलेल्या चांगल्या भागात. अख्ख्या फुप्फुसाच्या मापाची हवा निम्म्या फुप्फुसात कोंबली तर तोही भाग सुजतो. मुलांच्या एआरडीएसची (फुप्फुसं सुजून कडक होण्याची) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१५ ला आली आणि २०२३ ला सुधारली गेली. त्यांचा सूरही हाच आहे: हवा ६ ते ८, फुप्फुस कडक असेल तर त्याहून कमी, प्लॅटो दाब (श्वास आत रोखून मोजलेला) २८ च्या आत, आणि पीपच्या वरचा दाब १५ च्या आत.

तर पीप ६ आणि त्यावर १४ ने सुरुवात करा, म्हणजे वरचा दाब २०. इथे एक सापळा आहे. काही यंत्रांत 'प्रेशर १४' म्हणजे पीपच्या वर १४, काहींत एकूण १४. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात १४ लावून पीप ६ ठेवला तर बाळाला प्रत्यक्षात ८ चाच दाब मिळतो आणि छाती हलत नाही. पडद्यावर लहरीचं शिखर कुठे पोचतंय ते बघितलं की लगेच कळतं. मग बाहेर येणारी हवा, म्हणजे एक्स्पायर्ड टायडल व्हॉल्यूम वाचा. आत गेलेली नव्हे, बाहेर आलेली. ५४ ते ६० येत असेल तर दाबाला हात लावू नका. ४० च येत असेल तर दाब वाढवण्याआधी गळती बघा. आत ६० आणि बाहेर ४० म्हणजे नळीच्या फुग्यात (कफमध्ये) हवा कमी आहे, दाब नव्हे. कफचा दाब २० ते २५ सेंटिमीटर पाण्याइतका, जास्त नको.

रेट २८. श्वास आत घ्यायचा वेळ ०.६५ सेकंद. मिनिटाला २८ म्हणजे एक श्वास सव्वादोन सेकंदांच्या जरा आत, त्यातले दीड सेकंद बाहेर सोडायला उरतात, पुरेसे आहेत. यंत्रात आय-ई रेशो (श्वास आत घ्यायच्या आणि सोडायच्या वेळांचं प्रमाण) लावायची पद्धत असेल तर ध्यानात ठेवा, रेट बदलला की हा वेळ आपोआप बदलतो. रेट ४० केला आणि रेशो तोच ठेवला तर आत घ्यायचा वेळ ०.४५ सेकंदावर येतो. फ्लो ट्रिगर (बाळाचा स्वतःचा श्वास यंत्राने ओळखायची पातळी) १ ते २ लिटरवर. आत्ता बाळ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाखाली असेल, तोवर ट्रिगर कशाशीच लागणार नाही. एकूण रेट लावलेल्या रेटपेक्षा जास्त दिसू लागला की औषध उतरतंय समजा. त्याच्या आधी झोपेचं आणि वेदनेचं औषध चालू झालेलं असू द्या. नाहीतर बाळ जागं होऊन पहिला हात नळीला घालतं.

ऑक्सिजन शंभर टक्क्यांवर सुरू करा, पण तिथे ठेवू नका. सॅच्युरेशन ९२ ते ९७ मध्ये बसेल इतपत दर काही मिनिटांनी दहा-दहाने उतरवा. मॉनिटरवर १०० दिसलं की नातेवाईकांना आणि आपल्यालाही बरं वाटतं, पण तो १०० आंधळा असतो. रक्तातला ऑक्सिजन ११० असो की ४००, मॉनिटर १०० च दाखवणार. फुप्फुस बिघडायला लागलं तरी तो बराच वेळ गप्प राहतो. ९५ वर ठेवलेलं बाळ बिघडलं तर लगेच सांगतं. अर्ध्या तासात ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या खाली येत नसेल तर पीप ८ करा, मग १०. प्रत्येक पायरीला दहा-पंधरा मिनिटं थांबा, रक्तदाब बघा. बहुतेक ठिकाणी पीपला उगाच घाबरतात आणि ऑक्सिजनला अजिबात घाबरत नाहीत. उलट असायला हवं.

अलार्म लावा. मिनिटाची हवा ५४ गुणिले २८, दीड लिटर होते. खालचा अलार्म एक लिटरवर, दाबाचा वरचा अलार्म ३० वर.

आणि आता पडदा सोडून बाळाकडे बघा. पांघरूण काढा. छाती झोपलेल्या बाळाची उचलते तेवढीच उचलली पाहिजे. धपापत असेल तर जास्त होतंय, दिसतच नसेल तर कमी. दोन्ही बाजू सारख्या? पोट फुगलंय? मास्कने अ‍ॅम्बू मारताना पोटात हवा जातेच, ओरोगॅस्ट्रिक (तोंडातून पोटात जाणारी) नळी टाकून काढा. पोट उतरल्यावर त्याच दाबात आठ-दहा मिली हवा जास्त गेलेली मी कित्येकदा पाहिली आहे. रक्तदाब दर पाच मिनिटांनी घ्या. स्वतः श्वास घेताना छाती रक्त ओढून घेते, व्हेंटिलेटरवर छातीत दाब वाढतो आणि रक्त परत यायला अडखळतं. तीन दिवस तापाने सुकलेलं बाळ नळी टाकल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच गडगडतं. या वयाला वरचा रक्तदाब ७३ च्या खाली नको. सलाइनचे ९० मिली भरून ठेवा, अ‍ॅड्रेनलिनची ड्रिप बनवून हाताशी ठेवा.

वीस-तीस मिनिटांनी गॅस. कार्बन डायऑक्साइड ५५ आला म्हणून लगेच रेट वाढवू नका. पीएच ७.२५ च्या वर आहे, बाळ गुलाबी आहे, तर तो ५५ राहू द्या. तो नॉर्मल करायच्या हट्टापायी जास्तीचा दाब देऊन फुप्फुसाला इजा करण्यात अर्थ नाही. गॅसची सोय नसेल तर ईटीसीओटू आणि छाती यांवर रात्र काढता येते. आम्ही काढल्या आहेत.

इथवर सगळं कडक फुप्फुसाचं झालं: हवा थोडी, पीप बऱ्यापैकी, रेट जरा जास्त. आता बाकीची बाळं.

दम्याच्या मुलाला याचं उलट. हवा आत जाते, बाहेर येत नाही. रेट २८ ठेवलात तर प्रत्येक श्वासाचं थोडं आत उरतं, छाती पिंपासारखी फुगते आणि रक्तदाब पडतो. त्याला रेट बारा-पंधरा, सोडायला भरपूर वेळ, आणि फ्लोची लहर शून्याला टेकल्याशिवाय पुढचा श्वास नको. रक्तदाब अचानक गेला तर आधी सर्किट सोडवा, छाती हलक्या हाताने दाबून हवा बाहेर येऊ द्या. डोक्याला मार लागलेल्याला कार्बन डायऑक्साइड ५५ चालणार नाही, तिथे ३५ ते ४०, कारण तो चढला की मेंदूतला दाब चढतो. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसचं मूल, म्हणजे मधुमेहाने रक्त आंबट झालेलं, मिनिटाला पन्नास खोल श्वास घेऊन जिवंत असतं. त्याला नळी टाकून रेट २५ लावला तर पीएच कोसळून ते तिथेच जातं, म्हणून त्याला शक्यतो नळीच नको. टाकावीच लागली तर त्याचाच रेट, त्याचीच हवा.

आणि मण्यार चावलेलं मूल. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतं, सकाळी पापण्या मिटतात, दुपारी श्वास थांबतो. त्याची फुप्फुसं ठणठणीत असतात: किलोला ७ मिली, पीप ५, वयाप्रमाणे रेट, ऑक्सिजन ३० टक्के. व्हेंटिलेटरला याहून सोपा पेशंट नाही. अवघड हे की बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नाहीत, हात-पाय लुळे पडलेले, आणि मूल पूर्ण शुद्धीत असतं. आमच्याकडच्या सात वर्षांच्या एका मुलाने चौथ्या दिवशी नळी निघाल्यावर पहिलं काय विचारलं असेल, तर 'ते काका म्हणत होते हा वाचत नाही, ते कोण?' अशा मुलाला झोपेचं औषध द्या आणि त्याच्याशी बोलत राहा.

रात्रीतून कधीतरी तुमच्या बाळाचं सॅच्युरेशन धाडकन पडेल. तेव्हा यंत्राची बटणं दाबत बसू नका. सर्किट काढा, अ‍ॅम्बू लावा. बाळ सुधारलं तर दोष यंत्रात किंवा सर्किटमध्ये. नाही सुधारलं तर तीनच शक्यता: नळी सरकली, नळी तुंबली, किंवा फुप्फुस फुटून छातीत हवा साचली. या क्रमाने बघा. ४ नंबरच्या नळीला ८ नंबरचा सक्शन कॅथेटर जातो, तो खालपर्यंत जात नसेल तर नळी तुंबली आहे, औषधं शोधू नका, नळी बदला.

सकाळी बाळ पुढे पाठवायचं ठरलं तर सिलिंडरचा हिशेब निघण्याआधी करा. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना १५०० लिटर असतात, १० लिटरने चालवला तर अडीच तास. घाट, फाटक, पंक्चर धरून प्रवासाच्या दुप्पट ऑक्सिजन घ्या, आणि सिलिंडर भरलेला आहे हे कुणी सांगितलंय यावर न जाता गेजचा काटा स्वतः बघा. पुढच्या डॉक्टरांना फोनवर दाब, पीप, रेट, ऑक्सिजन, बाहेर येणारी हवा आणि ओठाशी नळी कितीवर आहे, एवढं सांगा. नळीचा १२ हा आकडा बाळाच्या गालावरच्या टेपवर पेनाने लिहून ठेवा.